बाबांचा उजवा हात, फिजिओ आणि तळमजल्यावरचा बंड्या

मुलुंडची_मनी
सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र, पाककृत्या वाचून गुपचूप पळणारी, पण आज लिहायलाच बसले कारण घरात ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतोय.

माझे बाबा ७१ वर्षांचे. बेस्टमध्ये कंडक्टर होते, बरीचशी नोकरी मुलुंड डेपोत गेली. आठ महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली. पाय बऱ्यापैकी परत आला, काठी घेऊन घरात फिरतात आणि संध्याकाळी लिफ्टने खाली बाकापर्यंत येतात. हात मात्र नाही. आणि बोलणं. समजतं सगळं पण शब्द सापडत नाही, 'पाणी' म्हणायचं असतं आणि तोंडातून 'पावती' येतं, मग स्वतःवरच चिडतात आणि दिवसभर गप्प. आई तीन वर्षांपूर्वी गेली तेव्हापासून तसेही कमीच बोलायचे.

फिजिओ आठवड्यातून तीनदा येतो. गुणी मुलगा आहे, पण बाबा त्याला दादच देत नाहीत. तो पिवळा स्माईली बॉल दाबायला दिला की डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवून देतात, विषय संपला. कपडे वाळत घालायचे चिमटे काढायचे परत लावायचे असं एक आहे, त्याचा तर त्यांना अपमानच वाटतो, बालवाडीत घातल्यासारखं.

आता मुद्द्यावर येते. गेल्या रविवारी आम्ही खाली बसलो होतो. तळमजल्यावरच्या काकूंचा कुत्रा बंड्या, म्हणजे रस्त्यावरचाच, पिल्लू असताना पावसात गाडीखाली सापडलेला, आता सहा वर्षांचा, तपकिरी, एक कान उभा आणि एक पडलेला. तो आला आणि बाबांच्या उजव्या मांडीवर, जिथे तो हात नुसता ठेवलेला असतो बरोब्बर तिथेच, हनुवटी टेकवून उभा राहिला. मी मोबाईलमध्ये डोकं घालून. वर बघते तर बाबांची बोटं हलतायत. खाजवणं म्हणण्यासारखं नाही, चारही बोटं एकत्र, ओल्या कणकेत अडकल्यासारखी, पण कानामागे पुढे-मागे, पुढे-मागे. मिनिटभर तरी. मला व्हिडिओ काढायचंही सुचलं नाही.

फिजिओला सांगितलं तर तो म्हणाला हो, ॲनिमल असिस्टेड थेरपी म्हणून प्रकार असतो, पण मी कधी केलेला नाही. भावाला फोन केला (पुण्यात असतो) तर तो लगेच, लॅब्रेडॉर बुक करतो, माझ्यातर्फे बाबांना. आत्या म्हणते घरात कुत्रं आलं तर मी तुमच्या दारात पाय ठेवणार नाही, आणि दर बुधवारी डोंबिवलीहून येऊन बाबांकडे बघणारी तीच एकटी आहे त्यामुळे ती धमकी हलक्यात घेता येत नाही. आम्ही वन बीएचके, मी ठाण्याला नोकरीला, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा घरात बाबा आणि एक मावशी.

तर हे खरंच काही असतं का हल्लीचं फॅड? घ्यावा का कुत्रा? कोणी केलंय का असं घरच्यांसाठी? अनुभवाचं सांगा प्लीज, गूगल मीही करू शकते.


खारी_बिस्कीट
सोमवार, रात्री ११:५८

अगं विचारतेस काय, घेऊन टाक!! कुत्र्यासारखं प्रेम माणूस करत नाही. आमच्याकडे लॅब आहे, घरी आलं की दिवसभराचा लोकलचा वैताग दोन मिनिटांत गुल. शिवाय कुत्रा पाळणाऱ्यांना हार्ट अटॅक येत नाही असं रिसर्चमध्येच सिद्ध झालंय. आत्या येईल हळूहळू लाईनीवर, आमच्या सासूबाई आता त्याला शेजारी घेऊन सिरियल बघतात.


ओटी_भरणारी
मंगळवार, सकाळी ७:१५

मनी, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे ओटी, पेशंटला रोजची कामं परत करायला शिकवणारी, आयडी त्यावरूनच घेतलाय, हसू नका. स्ट्रोकचे, म्हणजे पॅरालिसिसचा अटॅक आलेले पेशंट हेच माझं रोजचं काम.

तू बघितलंस त्यात जादू नाहीये पण भासही नाहीये. पॅरालिसिसनंतर होतं काय, सुरुवातीला हात हलतच नाही. मग डावा हात सगळी कामं उरकायला लागतो. पुढे उजव्यात थोडी ताकद आली तरी मेंदू त्याला कामाला लावतच नाही, कारण गरजच पडत नाही. वापरायचा नाही ही सवयच लागते. त्यामुळे बाबांच्या हातात आत्ता जेवढी ताकद आहे तेवढीही तुम्हाला दिसत नसणार. यावर एक जालीम उपाय असा असतो की चांगला हात दिवसातले काही तास मोज्यात नाहीतर पट्ट्यात बांधून ठेवायचा आणि सगळं दुखऱ्या हाताने करायला लावायचं. ज्यांच्या हातात थोडी तरी हालचाल परत आलीये त्यांनाच करता येतं आणि पेशंट आम्हाला शिव्या घालतो. बंड्याने तेच बिना शिव्यांचं केलं. उजव्या बाजूला आला, डावा हात पोचायला अवघड, आणि समोर असं काहीतरी की ज्याला हात लावावासा वाटला. चिमट्याला कोणाला हात लावावासा वाटतो?

आता शब्दांचा घोळ होतो तो नीट करते. कुत्रा घेऊन कोणीतरी वृद्धाश्रमात येतं, सगळे लाड करतात, फोटो काढतात, ती झाली भेट. छानच असते, पण थेरपी नव्हे. थेरपी म्हणजे पेशंटचं ध्येय कागदावर लिहिलेलं असतं, करून घेणारा माणूस त्याच्या विषयात शिकलेला असतो, कुत्र्याची वेगळी पारख झालेली असते, त्याला सांभाळणारा हँडलर सोबत असतो आणि दर वेळी नोंद होते. म्हणजे 'बाबांना बरं वाटावं' असं नाही, 'कोपर टेकवून पाठीवरून दहा वेळा ब्रश फिरवणे' असं. पट्ट्याचा हूक काढणे-लावणे, डबी उघडून खाऊ काढणे, बॉल सोडणे. बॉल सोडणं हे पकडण्यापेक्षा अवघड असतं बरं का स्ट्रोकनंतर, मूठ उघडतच नाही.

आणि बोलणं. वाचाघातात, म्हणजे बाबांसारखे शब्द सापडेनासे होतात तेव्हा, माणूस बोलायचं टाळतो कारण समोरचा वाक्य पूर्ण करून देतो नाहीतर चूक सुधारतो नाहीतर कीव करतो. कुत्रा यातलं काहीच करत नाही. 'ये', 'बस', 'घे' एवढ्या एका अक्षराच्या-दोन अक्षरांच्या शब्दांवर त्याचं काम भागतं आणि शब्द लागू पडला की लगेच समोर दिसतं. अजून एक, ज्या गोष्टी जिभेवर वर्षानुवर्षं बसलेल्या असतात, पाढे, रामरक्षा, शिव्या, त्या अशा पेशंटच्या तोंडून कधीकधी अख्ख्या येतात. कंडक्टर होते ना? मग त्यांच्या जिभेवर काय बसलं असेल ते तूच आठव.

हे फॅड म्हणशील तर बरंच जुनं आहे. न्यूयॉर्कचे एक बालमानसशास्त्रज्ञ होते, बोरिस लेव्हिन्सन. न बोलणारा एक मुलगा ठरल्या वेळेच्या आधीच येऊन पोचला आणि यांचा कुत्रा, जिंगल्स, खोलीतच होता. तो मुलाकडे गेला आणि मुलगा त्याच्याशी खेळायला लागला. १९६२ साली त्यांनी यावर लेख लिहिला, कुत्रा हा सहकारी थेरपिस्ट असू शकतो म्हणून. लोकांनी थट्टा केली, फीमधला कुत्र्याचा हिस्सा किती असं विचारलं म्हणे. त्याच्या शंभर वर्षं आधी फ्लोरेन्स नाइटिंगेलबाईंनी नर्सिंगच्या पुस्तकात लिहून ठेवलंय की फार दिवस अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला एखादा छोटा पाळीव प्राणी चांगली सोबत करतो.

मुंबईत ॲनिमल एंजल्स फाउंडेशन बरीच वर्षं हे काम करतंय, त्यांच्याकडे चौकशी कर. पण त्याआधी तुमच्या फिजिओला एक दिवस संध्याकाळी खाली बाकावर बोलाव. प्रशिक्षित थेरपी डॉग नाही मिळाला तरी व्यायाम बंड्याभोवती बसवता येईल, फक्त त्याला थेरपी म्हणू नका, व्यायामच म्हणा. ब्रश हातमोज्यासारखा मिळतो, रबरी दात असलेला, तो हातात चढवायचा, मूठ आवळावी लागत नाही. तो घे.


चाळीतला_चार्वाक
मंगळवार, दुपारी १:२०

@खारी_बिस्कीट, असं काहीही सिद्ध झालेलं नाही. तुम्ही ज्याबद्दल बोलताय तो बहुतेक १९८० चा अमेरिकेतला अभ्यास, एरिका फ्रीडमन यांचा. आधीच हार्टचा त्रास होऊन दवाखान्यात गेलेले ९२ पेशंट. त्यातल्या ५३ जणांकडे कुठला ना कुठला पाळीव प्राणी होता, त्यातले वर्षभरात ३ गेले. ज्यांच्याकडे नव्हता ते ३९, त्यातले ११ गेले. आकडा बोलका आहे, नाही म्हणत नाही, पण एक तर माणसं ९२, दुसरं म्हणजे ज्याच्या अंगात प्राणी सांभाळायची धमक आणि घरात माणसं आहेत तो मुळातच जास्त ठणठणीत असू शकतो. यावरून 'कुत्रा पाळा, अटॅक टाळा' हे म्हणजे छत्री नेली म्हणून पाऊस आला नाही असं झालं.

मनी ताई, माझा अनुभव कडू आहे तोही ऐका. आईला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश होता. एका संस्थेकडून (नाव घेत नाही) घरी सेशन घेतली, सहाचे पैसे आगाऊ. मे महिना, दुपारी चार, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तो बिचारा गोल्डन रिट्रीव्हर वर येईपर्यंत जीभ जमिनीला लागायची. ध्येय नाही, नोंद नाही, आईचा हात धरून त्याच्या डोक्यावर ठेवायचा आणि फोटो. तिसऱ्या वेळी वेगळाच कुत्रा आणला, आई घाबरून रडायला लागली तर बाई म्हणतात इमोशनल रिलीज होतोय. मी हाकललं. उरलेले पैसे अजून यायचेत.

पण प्रामाणिकपणे हेही सांगतो. नंतर कुठेतरी वाचलं की पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २००२ मध्ये अल्झायमरच्या पेशंटच्या जेवणाच्या खोलीत माशांच्या टाक्या ठेवल्या आणि पेशंट जास्त जेवायला लागले, वजनं वाढली. आमची आई दोन घास खाऊन उठून जायची हाच तर प्रॉब्लेम. क्रॉफर्ड मार्केटमधून एक दोन फुटी टाकी आणली, डझनभर गप्पी, जेवायच्या टेबलाशेजारी ठेवली. आई बसायला लागली. टाकीत बघत बघत भात संपायचा. "फार बारीक आहेत, ह्यांचं कालवण व्हायचं नाही" असं रोज सांगायची. रोज. दीड वर्ष. माझा विश्वास नाही या थेरपी वगैरेंवर, पण ती टाकी अजून आहे घरात.


ओटी_भरणारी
मंगळवार, दुपारी २:०५

चार्वाक, एकदम मान्य. अभ्यास बरेचसे छोटे आहेत, पेशंटला कळतंच की कुत्रा आहे का नाही त्यामुळे औषधासारखी साखरेची गोळी देऊन तुलना करता येत नाही. आणि तुमच्या घरी आले ती थेरपी नव्हती, लूट होती. मनी, कोणीही आलं तर पहिल्या भेटीत दोन प्रश्न विचार: बाबांसाठी ध्येय काय लिहिलंय, आणि कुत्रा थकला तर तुम्ही काय करता. दुसऱ्याचं उत्तर 'तो थकत नाही' असं आलं की दार दाखव.

(गप्पींचं कालवण वाचून क्लिनिकमध्ये एकटीच हसतेय.)


बैलघोडा_परळ
मंगळवार, रात्री १०:३०

मी जनावरांचा डॉक्टर. कॉलेज परळला, बैलघोडा हॉस्पिटलच्या शेजारीच, म्हणून हे नाव. इथे सगळे बाबांकडून बोलले, मी बंड्याकडून बोलतो.

आधी लॅब्रेडॉर. भावाला सांगा, नको. वाढलेला लॅब तीस किलोच्या आसपास भरतो, आणि पहिली दोन वर्षं त्याला आपण तीस किलोचे आहोत हे माहीत नसतं. काठी घेऊन चालणाऱ्या माणसाच्या पायात तो प्रेमानेच येणार आणि खुब्याचं हाड मोडलं की बाबांचा पाय पण गेला. शिवाय दिवसभर त्याला फिरवणार कोण, मावशी? पिल्लू म्हणजे थेरपी नव्हे, पिल्लू म्हणजे अजून एक पेशंट. कुत्रा घ्यायचाच असेल तर कुत्रा हवाय म्हणून घ्या, हात बरा व्हावा म्हणून घेऊ नका. हात बरा नाही झाला तर त्या जनावराचं काय करणार? असे परत केलेले कुत्रे मी बघतो, जेवत नाहीत.

वरती ओटी ताईंनी चांगला हात बांधून ठेवायची थेरपी सांगितली ना, ती कुठून आली माहितीये? एडवर्ड टाउब नावाचे अमेरिकन संशोधक, माकडांच्या हाताच्या संवेदनेच्या नसा कापून प्रयोग करायचे. संवेदना गेली की माकड तो हात वापरायचं सोडतं, पण चांगला हात बांधला की वापरतं, हे त्यांना दिसलं. १९८१ मध्ये सिल्व्हर स्प्रिंगच्या त्यांच्या प्रयोगशाळेतून पोलिसांनी १७ माकडं बाहेर काढली, पिंजऱ्यांची अवस्था भयंकर होती. खटला झाला, शिक्षाही झाली, पुढे अपिलात ती रद्द झाली. प्राणी-हक्कांची चळवळ तिकडे या केसमुळे घराघरात पोचली. आणि त्याच संशोधनातून आज जगभर स्ट्रोकचे पेशंट हात वापरायला शिकतात. मला दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात ठेवायला जड जातात, पण आहेत दोन्ही खऱ्या. म्हणून बंड्याच्या बाबतीत तरी त्याला विचारून करा एवढंच म्हणणं.

विचारायचं कसं? त्याला जायची वाट कायम मोकळी ठेवा. पट्टा बाकाला बांधू नका. झोप नसताना जांभई, खाणं नसताना ओठ चाटणं, मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरं दाखवणं, अंग झटकणं, याचा अर्थ 'पुरे'. आपले लोक शेपूट हलतेय म्हणजे खूश असं धरून चालतात, तसं नसतं, ताणात पण हलते. पंधरा मिनिटं खूप झाली. तो उठून गेला तर जाऊ द्या, उद्या येईल. आपण होऊन येतो तेव्हाच मजा आहे. जपानमध्ये २०१५ साली बघितलं होतं की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ बघतात तेव्हा दोघांचंही ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याचं हार्मोन, वाढतं. आईला बाळाकडे बघून वाढतं तेच. दोघांचं, हे महत्त्वाचं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये ते दिसलं नाही.

कामाच्या गोष्टी. स्ट्रोकनंतर बाबांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, नख लागलं तरी रक्त लवकर थांबत नाही, त्यामुळे बंड्याची नखं कापून घ्या. रेबीजची लस या वर्षीची झालीय ना हे काकूंकडून बघा, जंताचं औषध, गोचीड. ओरखडा आलाच तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि डॉक्टरकडे, 'घरातलाच आहे' म्हणून बसायचं नाही. बिस्किटं देऊ नका, साखर आहे नुसती, उकडलेल्या चिकनचे बोटाच्या पेराएवढे तुकडे द्या, मीठ-कांदा न घालता.

आणि एक सुचतंय. क्लिकर म्हणून मिळतो कुत्र्यांना शिकवायला. प्लास्टिकची छोटी डबी, आत पत्र्याची पट्टी, अंगठ्याने दाबली की टिक वाजते. कुत्रा बसला की टिक, लगेच खाऊ. तीन-चार दिवसांत कुत्र्याला कळतं की टिक म्हणजे चिकन. बाबा कंडक्टर होते म्हणालात. तिकिटाचा पंच आठवतोय का कोणाला, तो दांड्यावर टिकटिक वाजवत कंडक्टर यायचा? साधारण तोच अंगठा, तीच हालचाल. चाललं तर बघा.


विरार_फास्ट
बुधवार, रात्री १२:१०

ताई, आमचं कुत्र्याचं नाही घोड्याचं आहे, पण लिहिते. मुलगा अकरा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणापासूनच मेंदूचा हातापायांवर नीट ताबा नाही. पाय कात्रीसारखे एकमेकांवर घट्ट, डायपर बदलायला दोन माणसं लागायची लहानपणी. कुणीतरी घोड्यावर बसवायचं सुचवलं, मला वाटलं जुहूच्या चौपाटीवर चक्कर मारतात तसं. तसं नसतं. फिजिओथेरपिस्ट बाजूने चालत होती, एक जण घोड्याचं तोंड धरून, एक जण पलीकडे, आणि खोगीर नाही, नुसती घोंगडी. कारण घोड्याचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, ती ऊब थेट मांड्यांना लागायला हवी. पहिल्या दिवशी पाच मिनिटं नुसता ओरडला. चौथ्या-पाचव्या वेळी घोडा चालत असताना त्याचा डावा पाय आपसूक खाली लोंबला. म्हणजे सैल. मी तो पाय असा सैल लोंबताना कधी बघितलाच नव्हता, झोपेत पण नाही.

तिने समजावलं की घोडा चालतो तेव्हा त्याच्या पाठीवर बसलेल्याची कंबर पुढे-मागे, डावी-उजवी आणि थोडी फिरून अशी तिन्ही दिशांना हलते, आपण स्वतः चालतो तेव्हा हलते तशीच. जो कधी चाललाच नाही त्याच्या मेंदूला चालणं कसं असतं ते घोडा कळवतो. डेन्मार्कच्या लिस हार्टेल म्हणून एक बाई होत्या, पोलिओने गुडघ्याखाली पाय लुळे पडलेले, घोड्यावर चढवायला-उतरवायला माणूस लागायचा, त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये घोडेस्वारीत रौप्य मिळवलं. तो फोटो मी मोबाईलवर ठेवलाय.

पण खोटं का बोलू, आम्ही आठ महिन्यांनी सोडलं. विरारहून जायला-यायला पाच तास, खर्च, आणि पावसाळ्यात बंदच. चालायला लागला का? नाही. बसायला लागला, पाठ ताठ ठेवून. जेवताना मला आता त्याला धरून बसावं लागत नाही. तुम्हाला तर खाली अंगणातच सोय आहे, आत्याला जरा सांभाळून घ्या आणि सुरू करा.


खारी_बिस्कीट
बुधवार, सकाळी ९:०५

ओके ओके, लॅब्रेडॉर मागे घेते. रिसर्चचं व्हॉट्सॲपवर आलं होतं 🙈


मुलुंडची_मनी
तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री १०:५०

सगळ्यांना धन्यवाद म्हणायला उशीर झाला. भावाला परळच्या डॉक्टरांचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला, लॅब्रेडॉर कॅन्सल. त्याऐवजी ब्रश आणि क्लिकर त्याने मागवून दिले.

फिजिओ आता सोमवार, बुधवार, शुक्रवार साडेपाचला थेट खालीच येतो. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या त्यात काय विचारायचं, पण कागद दाखवा म्हटल्यावर लसीची फाईल आणून दिली, नखं कापून आणली. पहिल्या दिवशी ब्रश चढवलेला हात फिजिओने खालून धरला होता, तरी तीनच वेळा फिरला. मग पाच. परवा अकरा, शेवटचे चार न धरता. मधे एक दिवस बंड्या चार मिनिटांत मांजरामागे पळाला तो आलाच नाही, आम्ही अर्धा तास बसून होतो, बाबा इतके चिडले की वर आल्यावर जेवले नाहीत. जांभया मात्र मी आता माणसांच्या पण मोजायला लागलेय.

क्लिकरचं ऐका. बाबांच्या समोर ठेवला. त्यांनी डाव्या हातात घेतला, उलटा केला, कानाजवळ नेला, दाबला. टिक. मग परत. आणि मग टिकटिक, टिकटिक, टिकटिक, थांबेचनात, अगदी त्या पंचाच्या चालीत. बंड्याला तोवर माहीत झालेलं टिक म्हणजे चिकन, तो बसला, उठला, परत बसला, माझ्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, एवढी बिलं आणि माल कुठे असं त्याचं तोंड. बाबा हसले. आवाज करून. मला त्यांचं हसणं असं खोकल्यासारखं आहे हे विसरायलाच झालं होतं.

त्यानंतर त्यांनीच तो डाव्या हाताने उचलून उजव्या मुठीत बसवला. अंगठा दाबलाच जाईना. रोज तेच, पाच-सहा मिनिटं अंगठ्याकडे बघत बसायचे, फिजिओ काही बोलायला गेला की त्याला डाव्या हाताने गप्प करायचे. गुरुवारी वाजला. एकदाच. बंड्या बसला, मी चिकन द्यायला पुढे झाले तर बाबांनी मला थांबवलं, तुकडा स्वतः दिला (डाव्याने, चालायचंच) आणि बंड्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पुढे". 'चला' आलं नाही. दोनदा तोंड उघडलं पण आलं नाही. काकू बोलणार होत्या, मी त्यांचा हात दाबला. ओटी ताई, तुम्ही म्हणाला होतात ते आठवलं.

शुक्रवारी परत स्माईली बॉल दिला तर टेबलावर. त्यामुळे फार हुरळून जाण्यासारखं काही नाही. ॲनिमल एंजल्सकडे चौकशी करायची आहे, अजून झालेली नाही, ऑफिसमध्ये महिनाअखेर आहे.

आत्या बुधवारी आली होती. लांबच्या बाकावर, पदर गुडघ्याखाली खोचून, पर्स मधे ठेवून बसली. अर्धा तास काही बोलली नाही. वर जाताना लिफ्टमध्ये म्हणाली, ते चिकन तुम्ही घरातल्या कुकरमध्ये उकडता का वेगळ्या भांड्यात? मी म्हटलं वेगळ्या. म्हणाली बरं.

आता नवीन अडचण. पाऊस तोंडावर आलाय, बाकावर बसता येणार नाही. तळमजल्याच्या लॉबीत बसलो असतो पण सेक्रेटरींनी आत्ताच काकूंना ऐकवलंय की लॉबीत आणि लिफ्टमध्ये कुत्रा चालणार नाही. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची २०१५ ची सोसायट्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत ना, की पाळीव प्राण्यांना बंदी घालता येत नाही, लिफ्टलाही नाही म्हणून? काकूंकडे पालिकेचं लायसन्स आहे. कोणाकडे त्याची नीट प्रत असेल तर टाका इथे, प्रिंट काढून देते. भांडायचं नाहीये, सेक्रेटरी बाबांचे जुने प्रवासी आहेत, ओळखीचे आहेत, फक्त कागद हातात असलेला बरा.


बैलघोडा_परळ
रविवार, रात्री ११:२५

प्रत आहे, उद्या दवाखान्यातून स्कॅन करून टाकतो. लॉबीत बसायचं तर खाली रबरी मॅट घाला, ओल्या लादीवर बंड्या घसरेल आणि त्याच्यापाठोपाठ बाबा. आणि कंडक्टर साहेबांना म्हणावं डबल टिक नको, एका टिकला एकच तिकीट.